सॅम्पल सेलला जाताना अंगात काय घालावं: न्यूयॉर्कला नव्यानं आलेल्यांसाठी

न्यूयॉर्कमधल्या पहिल्या सॅम्पल सेलला मी नटूनथटून गेले होते. डिझायनर कपड्यांचा सेल, तेव्हा आपणही जरा बरं दिसावं असा साधा हिशेब. अंगात लांब बाह्यांचा कुर्ता, घट्ट जीन्स, घोट्याच्या वर येणारे लेसचे बूट, कानात झुमके, गळ्यात मंगळसूत्र आणि खांद्यावर ऑफिसच्या लॅपटॉपची बॅग. आत पाऊल टाकलं तर गोदामासारखी खोली, ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, लोखंडी रॅकच्या रांगा आणि पन्नासेक बायका स्पॅगेटी आणि सायकलिंग शॉर्ट्सवर उभ्या राहून भराभर कपडे चढवतायत, उतरवतायत. ट्रायल रूम कुठे आहे म्हणून विचारलं तर तिथल्या मुलीनं भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका आरशाकडे बोट दाखवलं.

मी चार ड्रेस हातावर टाकून पाऊण तास उभी राहिले आणि एकही न घालता घरी आले.

त्यानंतर बऱ्याच सेलना गेले, बऱ्याच चुका केल्या. अलीकडे शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, जर्सी सिटीत आणि एडिसनला, नव्यानं आलेल्या मैत्रिणी विचारतात, त्यांना दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. डिझायनर कोणता, सवलत किती, हे तुम्ही शोधालच. मी सांगतेय ते निघताना अंगात काय असावं याबद्दल, कारण इथे अंगावरचे कपडे हीच ट्रायल रूम असते.

१. आधी सेल कसा असतो ते समजून घ्या

डिझायनर नव्या हंगामाचे कपडे बाजारात आणण्याआधी प्रत्येक नमुन्याचा एखाद-दुसरा नग शिवून घेतो. तो दुकानांच्या खरेदीदारांना दाखवायचा, मॉडेलच्या अंगावर चढवायचा, मासिकांना फोटोसाठी द्यायचा. फेब्रुवारीच्या फॅशन वीकमध्ये येत्या हिवाळ्याचे आणि सप्टेंबरच्या फॅशन वीकमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे कपडे दिसतात ते हेच. माल दुकानात लागला की या नगांचं काम संपतं, मग ते विकून टाकायचे. नाव त्यावरून पडलं. आता मात्र रॅकवर खऱ्या सॅम्पलपेक्षा दुकानात न खपलेला शिल्लक मालच जास्त असतो, आणि ते आपल्या फायद्याचंच आहे, कारण त्यात मापं मिळतात.

या धंद्याचं मूळ घर मॅनहॅटनमधला गार्मेंट डिस्ट्रिक्ट, साधारण ३४व्या ते ४२व्या रस्त्यांमधला भाग. तिथल्या सेव्हन्थ ॲव्हेन्यूला फॅशन ॲव्हेन्यू असंही नाव आहे. ३९व्या रस्त्याजवळ शिवणयंत्रावर वाकून बसलेल्या कारागिराचा ब्राँझचा पुतळा आहे, ज्युडिथ वेलर यांनी १९८४ साली केलेला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आईच आठवली, पायमशीनवर ब्लाउज शिवताना अशीच पाठीत वाकायची. आता सेल शहरभर लागतात: २६० फिफ्थ ॲव्हेन्यूवर वर्षभर एकामागून एक ब्रँड येत असतात, कधी चेल्सी मार्केटमध्ये, कधी १८व्या रस्त्यावरच्या मेट्रोपॉलिटन पॅव्हिलियनमध्ये. जर्सी सिटीहून 'पाथ' ट्रेन पकडून ३३व्या रस्त्याला उतरा, एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटच्या ट्रेननं पेन स्टेशनला. पुढे चालतच जाता येतं.

आपल्या कामाच्या गोष्टी तीन. ट्रायल रूम बहुधा नसते. असली तर सगळ्यांसाठी मिळून एक पडद्याआडचा कोपरा. घेतलेली वस्तू परत घेत नाहीत, बदलूनही देत नाहीत. आणि चांगल्या ब्रँडच्या पहिल्या दिवशी रांग इमारतीच्या बाहेर, फुटपाथवर लागते. निघताना काय घालायचं ते या तीन गोष्टींवरून ठरतं.

२. आदल्या रात्री टेप घेऊन बसा

हे कपडे घालण्याच्या आधीचं काम, पण यावर पुढचं निम्मं अवलंबून आहे. छाती, कंबर, सीट आणि खांदा, चार मापं इंचात घ्या आणि फोनमध्ये लिहून ठेवा. मग कपाटातला तुम्हाला सर्वांत छान बसणारा एक ड्रेस आणि एक पँट काढा, गादीवर सपाट पसरून त्यांचीही मापं घ्या. सेलमध्ये गर्दी इतकी असते की प्रत्येक कपडा घालून बघणं शक्य नसतं. रॅकपाशीच टेप लावलात की दहातले सात कपडे अंगात न चढवताच परत जातात.

लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नका. इटालियन ४०, फ्रेंच ३६ आणि ब्रिटिश ८ म्हणजे साधारण अमेरिकन ४, हे ढोबळ गणित ठीक आहे, पण ब्रँडगणिक फरक पडतोच. खरे सॅम्पल बहुतेक ० ते ४ मापाचे आणि उंच मॉडेलसाठी बेतलेले असतात. माझी उंची पाच फूट दोन इंच. सॅम्पलची पँट माझ्या पायाखाली वाटीभर साचते. त्याचं काही वाटून घेऊ नका, पँटची उंची कमी करणं हे कुठल्याही शिंप्याचं पाच मिनिटांचं काम.

३. सगळ्यात आतला थर: सपाट, पातळ, अंगाच्या रंगाचा

वर अंगाला चिकटून बसणारी, बिनबाह्यांची, पातळ स्पॅगेटी. खाली गुडघ्याच्या वर संपणारी, जाड शिवण नसलेली सायकलिंग शॉर्ट्स. एवढ्यावर चारचौघींत उभं राहायला तुम्हाला संकोच वाटत नसेल तर तुमचं अर्धं काम झालं. वाटत असेल, मलाही वाटायचा, तर पुढचा मुद्दा तुमच्यासाठीच आहे.

रंगाचं म्हणाल तर काळा टाळा, पांढरा तर टाळाच. पांढऱ्या रेशमी शर्टाखाली पांढरी पट्टी ठळक दिसते आणि कपडाच पारदर्शक आहे असं वाटून आपण तो ठेवून देतो. आपल्या कातडीच्या रंगाशी जुळणारा रंग आतून दिसत नाही. इथल्या दुकानांत 'न्यूड' म्हणून जो फिकट गुलाबी रंग टांगलेला असतो तो आपल्या कामाचा नाही. गव्हाळ ते गडद तपकिरीपर्यंतच्या छटा आता सहज मिळतात, हात जवळ धरून बघून घ्या.

ब्रा रोजच्या वापरातलीच घाला. स्पोर्ट्स ब्रा सोयीची वाटते, पण ती छाती दाबून बसवते. त्यावर बेतानं बसलेला ड्रेस घरी नेहमीच्या ब्रावर घातला की मागची झिप मध्येच अडते. हा फटका मी खाल्लेला आहे, मोरपंखी रंगाच्या एका अत्यंत सुंदर ड्रेसवर. जाड पॅडची ब्रा याच्या उलट फसवते. पट्टे काढता येणारी साधी, गुळगुळीत कपाची सगळ्यात बरी. उघड्या पाठीचे कपडे बघायचे असतील तर तेवढ्यापुरते पट्टे काढता येतात.

हिवाळ्यात एक सापळा असतो, आतून लोकर असलेल्या लेगिंग्जचा. त्या कंबरेला आणि मांडीला इतक्या जाड असतात की त्यावरून घातलेली पँट घट्ट वाटते, आपण एक माप मोठं घेतो आणि घरी ती कंबरेवरून घसरते. थंडी असेल तर लोकरीच्या लेगिंग्ज शॉर्ट्सवरून घाला आणि आत गेल्यावर काढून पिशवीत टाका.

पुरुषांसाठी थोडक्यात: अंगाला बसणारा पातळ टी-शर्ट, खाली सायकलिंग शॉर्ट्स आणि वरून सहज निघणारी पँट. पट्टा घालू नका. सूटच्या कोटावरचा आकडा म्हणजे छातीचं माप इंचात, युरोपियन ४८ म्हणजे अमेरिकन ३८. कोट आणि पँट जोडीनं विकत असतील तर पँटची कंबर बहुधा कोटापेक्षा सहा इंचांनी कमी असते, म्हणजे ४०च्या कोटाला ३४ची पँट. सुटलेल्या पोटाला हे गणित मानवत नाही, तेव्हा टेप लावाच.

४. परकराची युक्ती

लहानपणी आजोळी नदीवर बायका अंघोळीला यायच्या. परकर वर ओढून छातीशी बांधायचा, त्याच्या आत ओलं लुगडं फिटायचं, कोरडं नेसलं जायचं, आणि काठावरच्या माणसाला काही दिसायचं नाही. फिफ्थ ॲव्हेन्यूवर मला ती नदी कामाला आली.

करायचं एवढंच. स्पॅगेटी आणि शॉर्ट्सवर एक लांब, घेरदार, कंबरेला मऊ इलॅस्टिक असलेला सुती स्कर्ट घालून जा. नाडीचा नको, गाठ सोडताना वेळ जातो आणि घाईत ती हमखास निरगाठ होते. अस्तर नको. पॉलिस्टरचाही नको, थंडीत तो अंगाला चिकटतो आणि प्रत्येक कपड्याशी ठिणग्या उडवतो.

पँट बघायची असेल तर स्कर्ट तसाच ठेवून आतून पँट वर ओढा, बटण लावा आणि मग स्कर्ट छातीपर्यंत उचलून आरशात बघा. ड्रेस बघायचा असेल तर आधी स्कर्ट काखेपर्यंत वर ओढून घ्या, इलॅस्टिक तिथे धरून राहतं. आता स्पॅगेटी काढायची असली तरी आतल्या आत निघते. ड्रेस डोक्यावरून घाला, खांदे बसवा, आणि तो गुडघ्याखाली आला की आतला स्कर्ट खाली सोडून त्यातून पाय बाहेर काढा. उतरवताना याच्या उलट. घरी बेडरूममध्ये चार-पाच वेळा करून बघा, हात बसला की अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एकदा माझं बघून शेजारच्या कोरियन मुलीनं स्कर्ट कुठे घेतला म्हणून विचारलं. तुळशीबागेतला, तीनशे रुपयांचा, हे तिला कसं समजावणार!

वर घालायला पुढून पूर्ण उघडणारं काहीतरी घ्या, बटणांचा सैल शर्ट किंवा झिपचं जॅकेट. डोक्यावरून काढायचे कुर्ते आणि स्वेटर दहाव्या वेळेला नकोसे होतात, केस विस्कटतात आणि चष्मा पडतो. सलवार-कमीज घालून जाऊ नये असं नाही, पण मग नाडी, ओढणी आणि कुर्ता असे तिन्ही सांभाळत बसावं लागेल.

५. दागिने घरी ठेवा, मंगळसूत्रसुद्धा

याबद्दल मैत्रिणी माझ्याशी वाद घालतात, म्हणून घडलेलं सांगते. एका सेलमध्ये बारीक जाळीचा, लेसचा ब्लाउज डोक्यावरून घालत होते. मान बाहेर आली आणि हात बाहीत असतानाच मंगळसूत्राची वाटी जाळीत अडकली. ओढलं असतं तर जाळी फाटली असती किंवा पोत तुटली असती. हात वर, तोंड अर्धं कापडात, अशा अवस्थेत मी उभी आणि एक अनोळखी आजी आपल्या केसातली पिन काढून माझ्या गळ्यापाशी एकेक धागा सोडवतायत. सुटलं, पण जाळीला बोटाएवढं भोक पडलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या कर्मचारी मुलीनं काही न बोलता ब्लाउज घडी करून माझ्याच ढिगावर ठेवला. साठ डॉलर. तो मला खांद्यात बसतही नाही.

तेव्हा मंगळसूत्र, बांगड्या, झुमके, लटकणारं ब्रेसलेट घरी. काढून पर्समध्ये टाकू म्हणाल तर तेही नको, अशा गर्दीत हरवलेली वस्तू सापडत नाही. मंगळसूत्र काढायचंच नसेल तर आखूड घाला आणि उंच गळ्याच्या, अंगाला बसणाऱ्या बनियनच्या आत ठेवा. हिऱ्याच्या अंगठीचे खडा धरून ठेवणारे बारीक काटे विणलेल्या कपड्याचा धागा हमखास ओढतात. काढता येत नसेल तर त्या बोटाला कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. जोडव्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि पातळ पँटच्या अस्तरात अडकतात नेमकी तीच. वर पातळ मोजे घातले की प्रश्न मिटतो. घड्याळही नको.

६. केस, चेहरा, हात

रविवारी सकाळी केसांना तेल लावून सेलला जाऊ नका. रेशमावर खोबरेल तेलाचा डाग पडला की तो कपडा तुमचा. केस धुतलेले, कोरडे आणि कापडी रबरानं बांधलेले असावेत. दातेरी क्लचर उंच गळ्यात अडकतो. बांधायचे तर डोक्याच्या मध्यावर. मानेवरचा अंबाडा कॉलर नीट बसू देत नाही आणि मागून गळा कसा दिसतो ते कळतच नाही.

चेहऱ्यावर काही लावू नका, निदान लिपस्टिक आणि फाउंडेशन तरी नको. रॅकवरच्या पांढऱ्या कपड्यांच्या गळ्याशी डोकावून बघा, आधीच्या कुणाकुणाचे चेहरे तिथे उमटलेले दिसतील. एक पातळ सुती स्कार्फ जवळ ठेवा आणि कपडा डोक्यावरून घालताना चेहऱ्यावर टाका, म्हणजे डाग पडत नाही आणि केसही फार विस्कटत नाहीत. टिकली जाताना काढून फोनच्या कव्हरवर चिकटवून ठेवा, नाहीतर ती कुठल्यातरी चारशे डॉलरच्या ड्रेसच्या अस्तराला चिकटून राहील. डिओडरंट आदल्या रात्री लावा. सकाळी लावलेल्याचे पांढरे पट्टे काळ्या कपड्यावर उमटतात. अत्तर नको. हाताला क्रीमही नको.

आणि एक आपल्यातली गोष्ट. थंडीत खिडक्या बंद ठेवून आपण लसणाची फोडणी घालतो आणि दाराजवळ टांगलेला कोट तो वास आठवडाभर जपतो. दाटीवाटीच्या खोलीत तो इतरांना जाणवतो. कोट एक दिवस आधी मोकळ्या हवेत टांगा.

७. पायात काय?

लेस नसलेले, सहज पाय घालता येणारे सपाट बूट आणि आत पातळ मोजे. बूट तासाभरात दहा-पंधरा वेळा काढावे-घालावे लागतात. मोजे मात्र काढायचे नाहीत. ज्या मजल्यावर दिवसभर कपड्यांच्या टाचण्या आणि टॅगच्या प्लॅस्टिकच्या काड्या पडत असतात, त्यावर अनवाणी फिरण्याचा अनुभव मी एकदाच घेतला.

उंच टाचांवर घालायची पँट बघत असाल तर आरशासमोर टाचा उचलून उभ्या राहा, लांबीचा अंदाज येतो. चपला-बूट घ्यायचे असतील तर सॅम्पलचं माप ठरावीक, साधारण युरोपियन ३७ असतं. तुमचा पाय तेवढाच असेल तर तुमच्यासारखी भाग्यवान तुम्हीच.

८. रांगेचे कपडे वेगळे

मोठे सेल बहुतेक वसंतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात. डिसेंबरमध्ये सकाळी नऊला फुटपाथवर तासभर उभं राहणं म्हणजे दोन उंच इमारतींमधून येणारा वारा थेट कानात. आत गेल्यावर मात्र हीटर आणि गर्दी मिळून घाम फुटतो. म्हणून एकच भला जाड लोकरीचा कोट घालू नका. घडी करून स्वतःच्याच पिशवीत मावतं ते पिसांचं हलकं जॅकेट घाला, त्याच्या आत बटणांचा शर्ट, गळ्यात वर सांगितलेला स्कार्फ. टोपी आणि हातमोजे जॅकेटच्या बाहीत कोंबा, म्हणजे हरवत नाहीत. बऱ्याच ठिकाणी दाराशी कोट आणि बॅगा जमा करून घेतात आणि बिल्ला देतात. बिल्ल्याचा फोटो काढून ठेवा.

अपवाद एकच. कोट घ्यायलाच निघाला असाल तर हिवाळ्यात रोज घालता तो स्वेटर घालून जा. स्पॅगेटीवर छान बसलेला कोट स्वेटरवर मुंढ्यात काचतो आणि हात वर होत नाही. मेट्रोत दांडी धरायची वेळ आली की कळतं.

उन्हाळ्यात उलटी तऱ्हा, बाहेर घामाच्या धारा आणि आत एसीचा कडाका. घामेजल्या अंगावर अस्तर चढत नाही. छोटा टॉवेल जवळ ठेवा आणि आत गेल्यावर आधी पाच मिनिटं नुसते रॅक बघत फिरा.

९. सोबत काय न्यायचं

बॅग छोटी, अंगावरून तिरकी अडकवायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. लॅपटॉपची बॅग, पाठीवरची सॅक किंवा बाबागाडी बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. ऑफिसमधून परस्पर जाणाऱ्यांची पंचाईत इथेच होते.

- क्रेडिट किंवा डेबिट कार्ड
- ओळखपत्र
- आधी नाव नोंदवलं असेल तर त्याचा संदेश किंवा कोड फोनमध्ये
- पूर्ण चार्ज केलेला फोन
- मापाची टेप
- चार सेफ्टी पिना
- पाण्याची छोटी बाटली, रांगेसाठी
- घडीची कापडी पिशवी
- घरच्या ज्या स्कर्टवर किंवा पँटवर ब्लाउज शोधताय तिचा उजेडात काढलेला फोटो

१०. आत गेल्यावर

पहिली फेरी न थांबता मारा, आवडलेलं हातावर टाकत चला. विचार करायला ठेवून दिलेला कपडा परत मिळत नाही. मग एक कोपरा धरा, टेप लावून निम्मे बाद करा आणि उरलेले परकराच्या आत घालून बघा.

बसला की लगेच खूश होऊ नका. खाली बसा, हात वर करा, वाका. मग तो उतरवून उजेडाखाली उलटा करा: झिप पूर्ण वर-खाली, काखेतली शिवण, पँटची मांडीतली शिवण, गळ्यावरचे डाग, सुटलेले मणी. टॅगवर 'ॲज इज', म्हणजे 'आहे तसा', असं लिहिलेलं असेल तर दोष आहे हे त्यांना ठाऊक आहे, तो तुम्हाला सापडेपर्यंत शोधा. लेबलवर शाईची रेघ किंवा कात्रीचा काप असेल तर घाबरू नका, हा नग कुणी मूळ दुकानात परत करायला नेऊ नये म्हणून तसं करतात.

दुरुस्तीचा हिशेब आईनं शिकवला तो असा. उंची कमी करणं सोपं. कंबर आत घेणं सोपं. सैल करायचं असेल तर शिवण उलटून आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड, किती आहे ते बघा. आपल्याकडचा शिंपी ब्लाउजला दोन्ही बाजूंनी बोटभर माया सोडतो, पुढच्या दहा वर्षांचा विचार करून. इथल्या तयार कपड्यात ती नखाएवढी असते, म्हणजे सैल होणार नाही. खांदा आणि मुंढा चुकला असेल तर सोडून द्या, कुणी कितीही स्वस्त सांगो. उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाचा झुळझुळीत ड्रेस अंगावर सुंदर पडतो, पण तो कमी-जास्त करायला हात तयार लागतो. आणि मणीकामाच्या कपड्याची तर प्रत्येक शिवण हातानं उसवावी लागते. एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपल्या पद्धतीनं दुरुस्ती करून देणारे मिळतात, पण त्यांची मजुरी कपड्याच्या किमतीत आधीच धरा.

शेवटच्या दिवशी भाव आणखी उतरतात. आमच्यासारख्या मधल्या मापांच्या बायकांसाठी तोवर फारसं उरत नाही, पण तुमचं माप ० किंवा अगदी मोठं असेल तर खुशाल थांबा.

११. बिल देताना

न्यूयॉर्क शहरात एकशे दहा डॉलरपेक्षा कमी किमतीच्या कपड्यावर आणि पादत्राणांवर विक्रीकर लागत नाही, आणि ही मर्यादा प्रत्येक नगाला वेगळी मोजतात. ९५ डॉलरचे तीन ब्लाउज घेतले तर कर शून्य. १३० डॉलरचा एक ड्रेस घेतला तर पूर्ण रकमेवर ८.८७५ टक्के, म्हणजे साडेअकरा डॉलर वर. पर्स कितीही स्वस्त असली तरी तिच्यावर कर लागतोच; नव्वदची अठ्ठ्याण्णवला पडते. काउंटरवर जाण्याआधी ढीग पुन्हा एकदा चाळा आणि नुसती किंमत बघून उचललेलं परत ठेवा. मंगळसूत्र अडकवलेलं सोडून.

बाहेर पडाल तेव्हा भूक लागलेली असेल. २६० फिफ्थला गेला असाल तर चार-पाच मिनिटं पूर्वेला चालत गेलात की लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरची भारतीय हॉटेलं लागतात, कलुस्त्यान्सचं मसाल्यांचं दुकानही तिथेच. डोसा सेलनंतरच खा, आधी नको. हळदीचे हात धुतले तरी नखांत रंग राहतो. आणि खरेदीची पिशवी टेबलावर किंवा मांडीवर न ठेवता खुर्चीच्या पाठीला अडकवा. सांबार सांडलेला कपडा त्या दुकानात परत घेत नाहीत.